मुलीचं मासिक आणि बापाची एक्सेल शीट

मार्चमधली गोष्ट. टोरोंटोत मार्च म्हणजे थंडी संपलेली नसते, आपला धीर मात्र संपलेला असतो. अशा वेळी इथली मराठी मंडळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून पावभाजी खातात. आम्हीही जमलो होतो. मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला (तो निघतोच). कुणाचा मुलगा रोबोटिक्समध्ये, कुणाची मुलगी वॉटर्लूच्या गणित स्पर्धेत. एका वहिनींनी आमच्या कन्येला विचारलं, "तुझं काय चाललंय गं?"

"मॅगझिन बनवतेय. म्युझिकचं. सोळा ते चोवीस वयाच्या लोकांसाठी."

"ते झालं गं, पण शाळेत काय?"

"शाळेतच. मीडिया स्टडीजचा शेवटचा प्रोजेक्ट आहे."

क्षणभर शांतता आणि मग हशा. एक काका म्हणाले, "चित्रं कापून चिकटवायचे मार्क देतात होय? आमच्या वेळी असं असतं तर आम्ही बोर्डात आलो असतो!" सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. कन्या हसली नाही. तिने प्लेट उचलली आणि वर निघून गेली.

मंडळी, हा लेख त्या हशाच्या विरोधात आहे. म्हणजे पर्यायाने माझ्याच विरोधात आहे.

घरी आल्यावर प्रोजेक्टचा कागद मागून घेतला. म्हटलं, बघू तरी काय दिलंय. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधला दोन पानी लेख, हे करायचं होतं. इथवर ठीक. पण त्याआधी आपल्या वाचकाचं वर्णन लिहायचं होतं: तो राहतो कुठे, प्रवास कसा करतो, त्याच्या खिशात किती पैसे असतात, गाणी कुठून ऐकतो. वीस जणांना प्रश्न विचारून ते वर्णन खरं की खोटं हे तपासायचं होतं. अंकाचा खर्च कसा निघेल ते मांडायचं होतं. तीन जाहिराती निवडायच्या आणि एक नाकारायची, कारणासकट. शेवटचं पान होतं: "तुमच्या मासिकातून कोण वगळलं गेलं? मुद्दाम की नकळत?" आणि या सगळ्याची हाताने लिहिलेली रोजनिशी. कुठला निर्णय कधी बदलला, का बदलला.

हा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, वीसेक वर्षं नोकरी केली. मला हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नव्हता.

पण म्हणून मी शहाणा झालो असं समजू नका. मी काय केलं असेल? बरोब्बर. मी एक्सेल उघडलं.

कन्येने मासिकाचं नाव ठेवलं होतं 'कल्ला'. देवनागरीत. मुखपृष्ठावर आमच्याच जुन्या कोरोलाची मागची सीट, रिकामी. मधल्या लेखाचा विषय, 'गाडीतलं गाणं'. वर्गातल्या वीस जणांना तिने विचारलं होतं: आई-बाबांच्या गाडीत कुठल्या भाषेतलं गाणं लागतं, आणि तेव्हा तुझ्या कानातल्या इअरफोनमध्ये काय चालू असतं? उत्तरांत तमिळ होतं, पंजाबी, टागालोग, पोर्तुगीज, उर्दू होतं. आमच्या गाडीत भीमसेन जोशी आणि हिच्या कानात द वीकेंड. (तो टोरोंटोचाच. इथिओपियातून आलेल्या आईबापांचा, स्कारबरोत वाढलेला मुलगा. ही माहितीसुद्धा मला तिच्या लेखातूनच मिळाली.)

मला हे सगळं फार कच्चं वाटलं. रिकाम्या सीटचं मुखपृष्ठ कोण विकत घेईल? मी तक्ता केला, कुठल्या गायकाचे किती श्रोते, कुणाचा चेहरा ओळखीचा. ड्रेकला मुखपृष्ठावर आणलं. नाव इंग्रजी केलं. 'टॉप टेन' घातलं. शेवटी अगदीच राहवेना म्हणून 'भारतीय शास्त्रीय संगीताची ओळख' असं एक पानही टाकलं. दोन रात्री जागलो. खरं सांगतो, मजा आली!

कन्येने कच्चा आराखडा दाखवायला नेला, माझ्या सुधारणांसकट. कागद परत आला त्यावर शिक्षिकेने एवढंच विचारलं होतं: 'तुझा वाचक नक्की कितव्या वर्षाचा आहे?'

कन्या म्हणाली, "बाबा, हे तुझं मासिक झालंय. तुझा वाचक तूच आहेस." आणि माझी फाइल बाजूला ठेवून तिने पुन्हा रिकामी सीट लावली.

तर सांगायचा मुद्दा असा, की आम्हाला मासिक म्हणजे सजावट वाटते. मजकूर कुणीतरी देतो, आपण बॉर्डर काढायची. हे आमच्या डोक्यात कुठून आलं तेही सांगतो. आमच्या कॉलेजचा वार्षिकांक आठवा. (कॉलेजचं नाव घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं होतं एवढं पुरे. तुमच्याही कॉलेजचा असाच असेल.) पहिलं पान संस्थापक. दुसरं अध्यक्ष. तिसरं प्राचार्यांचं मनोगत. मग सरांनी संपादकीय लिहून विद्यार्थी-संपादकाचं नाव खाली टाकलेलं. मग 'आई' या विषयावर सहा कविता, 'पाऊस' या विषयावर नऊ, आणि शेवटी गॅदरिंगचे काळपट फोटो. मी त्या अंकाच्या विद्यार्थी मंडळात होतो. तीन महिन्यांत मी घेतलेला एकमेव निर्णय म्हणजे कवितेभोवती वेलबुट्टी कुठली. अंक कुणासाठी आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तो पहिल्या तीन पानांवर ज्यांचे फोटो होते त्यांच्यासाठी होता.

आणि शाळेतले प्रोजेक्ट? 'सौरमाला'चे छापील तक्ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. थर्माकोलचा किल्ला बाबा करतात, अक्षरं ताई काढते, मुलगा नाव लिहितो. टोरोंटोत येऊन मी थर्माकोलच्या जागी एक्सेल आणलं, एवढाच काय तो फरक.

आता कुणी म्हणेल, मासिकाला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण काय? कारण आहे, आणि ते मी राहतो त्या शहरातच आहे.

१९६४ च्या फेब्रुवारीत टोरोंटोत वॉल्ट ग्रिअलिस नावाच्या माणसाने 'आरपीएम' नावाचं संगीताचं साप्ताहिक सुरू केलं. हा गृहस्थ आधी पोलीस होता! त्या वेळी कॅनडाच्या रेडिओवर अमेरिकन गाण्यांचं राज्य होतं. इथल्या गायकाला नाव काढायचं तर सीमा ओलांडावी लागे. (मराठी माणसाला हिंदीच्या शेजारी राहून हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.) ग्रिअलिसने कॅनडाची म्हणून गाण्यांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. वाचकांची मतं मागवून आवडते कलाकार निवडले. त्यातून १९७० साली पुरस्काराचा समारंभ झाला, आणि १९७१ पासून त्याला 'जुनो' म्हणू लागले. आज तो कॅनडातला संगीताचा सर्वात मोठा पुरस्कार आहे. त्याचा सहकारी स्टॅन क्लीस याने गाणं 'कॅनेडियन' कशाला म्हणायचं याची चार कलमी कसोटी तयार केली: संगीत, कलाकार, सादरीकरण, शब्द. चारांपैकी साधारण दोन कॅनेडियन हवेत. १९७१ च्या जानेवारीत नियम आला, की रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी ३० टक्के कॅनेडियन हवीत. पुढे ते प्रमाण ३५ झालं. हा नियम एकट्या मासिकाने आणला असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी 'आरपीएम'ने वर्षानुवर्षं रेटा लावला, आणि कॅनडाचं संगीत नावाची काही गोष्ट आहे हे आधी त्याच्या पानांवर दिसलं. २००० सालच्या नोव्हेंबरात ते बंद पडलं, पण तोवर त्याचं काम झालं होतं.

आता दुसरं उदाहरण, कन्येच्या वयाच्या जवळचं. १९९१ साली इथल्या रायरसन या संस्थेच्या (आता तिचं नाव टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ) कॅम्पस रेडिओवर कार्यक्रम करणारी मंडळी बोलत बसली होती. आपण जी गाणी लावतो त्यांच्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही, अशी तक्रार. त्यातून १९९२ च्या एप्रिलमध्ये 'एक्सक्लेम' नावाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. फुकट वाटायचा, खर्च जाहिरातींतून. ज्या रेडिओ केंद्रावर ते जन्मलं ते केंद्र २०११ साली परवाना जाऊन बंद पडलं. मासिकाचं नाव मात्र टिकून आहे.

आणि आपल्याकडे? अमित सैगलने 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ साली कुठून काढलं ठाऊक आहे? मुंबईतून नव्हे, अलाहाबादहून! भारतभरच्या कॉलेजांतल्या बँडना एकमेकांची नावं त्या मासिकातून कळू लागली. तेव्हा 'हे श्रीमंत देशातले चोचले' असं कुणी म्हणायला लागलं, की मी अलाहाबाद म्हणतो आणि गप्प बसतो.

मराठीत काय आहे ते बघू. लहान मुलांना 'किशोर' आहे, १९७१ पासून बालभारती काढते. शास्त्रीय संगीतवाल्यांना १९४७ साली सुरू झालेलं 'संगीत कला विहार'. मोठ्यांसाठी दिवाळी अंक, ज्याची प्रथा काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली घातली. मधली जागा रिकामी! सतरा वर्षांची मराठी मुलगी, जी ढोल-ताशा पथकात वादन करते, अहिराणी गाणी यूट्यूबवर बघते, मराठी रॅप ऐकते, तिच्यासाठी तिच्या वयाच्या कुणी लिहिलेलं संगीताचं मासिक माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

मजकूर नाही म्हणून? छे! पुण्याच्या पथकांत हजारो पोरं-पोरी दोन-दोन महिने नदीकाठी सराव करतात. भीमजयंतीला दरवर्षी नवी गाणी येतात. लग्नातली बँजो पार्टी आहे. अजय-अतुल 'सैराट'चं संगीत ध्वनिमुद्रित करायला लॉस एंजेलिसला गेले (२०१६ चा सिनेमा), आणि त्याच गाण्यांवर गल्लीबोळातले कॅसिओवाले वर्षभर जगले. यातलं आपण काय छापतो? डेसिबल. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आवाज किती होता आणि गुन्हे किती नोंदवले. त्या डीजेसमोर नाचणाऱ्या मुलाला त्या संगीताबद्दल काही म्हणायचं असेल, हे आपल्या मनातही येत नाही. कन्येच्या शाळेतल्या कागदावरचा शेवटचा प्रश्न आठवा. कोण वगळलं गेलं?

आता आक्षेप. सगळे माझेच आहेत, त्यामुळे मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप: हे वाचून जेईई निघते का? नाही निघत. पण कन्येचा खर्चाचा कागद मी बघितला. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात. बारा पानांत लेख बसेनात, वीस पानांत खर्च बसेना. सोळा ठरली. त्यातली सहा जाहिरातींना द्यावी लागत होती, नाहीतर किंमत ठेवावी लागली असती, आणि किंमत ठेवली तर तिच्या वीसांपैकी सतरा वाचक पळाले असते. एक एनर्जी ड्रिंकवाला मागचं सगळं पान घेईल, असं तिने धरलं होतं, मग तीच जाहिरात नाकारली. का? तर 'मग त्यांना न आवडणारा लेख मी छापणार नाही, आणि ते मला कळणारही नाही.' मंडळी, मर्यादा मान्य करून त्यात रस्ता काढणं यालाच आम्ही इंजिनिअरिंग म्हणतो. फरक इतकाच की आमच्या पेपरात मर्यादा छापून येतात. तिला त्या शोधाव्या लागल्या.

दुसरा आक्षेप: आता मासिकं वाचतं कोण? हा जोरदार आहे. मी टोरोंटोत आलो तेव्हा यंग स्ट्रीटवर 'सॅम द रेकॉर्ड मॅन'च्या निऑनच्या दोन अवाढव्य तबकड्या रात्री फिरताना दिसायच्या. ते दुकान ३० जून २००७ रोजी बंद झालं. तबकड्यांची पाटी पुढे जवळच्याच एका इमारतीच्या माथ्यावर बसवली, दुकानाच्या जागी विद्यापीठाची इमारत आली. 'नाऊ' हे फुकट साप्ताहिक १९८१ पासून निघायचं, त्याच्या पेट्या कोपऱ्याकोपऱ्यावर असत. २०२२ साली छापील अंक थांबला. मी हे सगळं कन्येला ऐकवलं. ती म्हणाली, "मग आता कुठलं गाणं ऐकायचं ते कोण ठरवतं?" म्हटलं, अॅप. "ते अॅप कोण चालवतं?" म्हटलं, अल्गोरिदम. "म्हणजे संपादक आहेच. फक्त त्याचं नाव छापत नाहीत."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा 'तुम्हाला हेही आवडेल' यंत्रणांवर मी पोट भरलंय. यावर मला उत्तर सुचलं नाही.

अर्थात, इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. ऑन्टारिओने १९८७ पासून शाळेत माध्यमशिक्षण सक्तीचं केलं, उत्तर अमेरिकेत सर्वात आधी. त्यामागे टोरोंटोतल्या शिक्षकांची एक संघटना होती, १९७८ साली बॅरी डंकन नावाच्या शाळामास्तरांनी काढलेली. ते मार्शल मॅकलुहानचे विद्यार्थी, आणि मॅकलुहान टोरोंटो विद्यापीठातच शिकवायचे. एवढी परंपरा! तरीही मीडिया स्टडीज हा स्वतंत्र विषय ऐच्छिक आहे, आणि पुष्कळ मुलं तो 'सोपा' म्हणून घेतात. तयार साच्यात फोटो टाकून मासिक केलं की झालं. आता तर एआयला सांगितलं की पाच मिनिटांत मुखपृष्ठ हजर. म्हणून तर रोजनिशी हाताने लिहायची. मुखपृष्ठ यंत्र करील, पण रिकामी सीट का ठेवली हे लिहायला गाडीत मागे बसलेलं असावं लागतं.

तिसरा आक्षेप माझ्या हिचा: "लेख लिहिणं सोपं आहे. ती आता आर्टच्या कॉलेजला जाते म्हणाली तर?" ती म्हणालीच आहे. इथे ओकॅड नावाचं कला आणि डिझाइनचं विद्यापीठ आहे. त्याची एक इमारत रंगीत पेन्सिलींसारख्या खांबांवर हवेत उभी आहे, २००४ साली विल ऑल्सपने बांधलेली. येताजाता तिच्याकडे बघून 'कुणाच्या बापाचे पैसे' असं मी म्हणायचो. आता बाप कोण ते कळलंय.

मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ज्या बेसमेंटमध्ये आम्ही हसलो, तिथल्या आम्हा सगळ्या इंजिनिअरांच्या घरात कमल शेडग्यांच्या अक्षरातली नाटकांची नावं पाठ आहेत. संगणकावर मराठी वाचता आलं ते ज्या 'मंगल' अक्षरांमुळे, ती र. कृ. जोशींनी घडवली. कन्येने 'कल्ला' ज्या अक्षरांत लिहिलं ती 'मुक्ता', मुंबईच्या 'एक टाइप'ची, फुकट मिळते. ही सगळी माणसं 'चित्रं चिकटवणारी'च ना? त्यांचं आम्हाला चालतं. आपल्या पोरीने ते करावं हे चालत नाही.

म्हणून तुम्हाला एक सुचवतो. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, वार्षिकांकाच्या समितीवर असाल, किंवा नुसतेच आई-बाप असाल, तर या वर्षी पोरांना सोळा पानं द्या. विषय त्यांचं संगीत, वाचक त्यांच्या वयाचे. संस्थापकांचा फोटो हवाच असेल तर मागच्या पानावर, जाहिरातीच्या दराने. तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा: कुणासाठी? पैसे कोण देतं? कोण वगळलं गेलं? आणि मग हात मागे बांधून उभे राहा. शुद्धलेखन सुद्धा त्यांना तपासू द्या. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

'कल्ला'च्या बारा प्रती छापल्या. पैसे मी दिले, पण श्रेयनामावलीत माझं नाव 'चालक' म्हणून आहे, कोरोलाचा. वगळलेल्यांच्या पानावर तिने लिहिलंय, की ज्यांच्या घरी गाडी नाही, जे बसने येतात, त्या मुलांना हा लेख लागूच होत नाही, आणि हे तिला अंक पूर्ण झाल्यावर कळलं. पुढचा अंक बसमधल्या गाण्यांचा आहे म्हणे. त्यासाठी मार्क नाहीत. तरी काढणार आहे.

पावभाजीवाल्या काकांना एक प्रत दिली. त्यांनी सगळी वाचली आणि फोन केला. "अरे, आमच्या नातवाच्या कानात काय चालू असतं रे? मी कधी विचारलंच नाही."

असो. पटलं तर बघा. नाही पटलं तर भांडायला मी आहेच.